टाकीत पाणी कुठून आलं, दादा?

दादा, कोळीवाड्याच्या नाक्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. 'शांत, संयमी, मितभाषी व्यक्तिमत्त्व हरपले.' मितभाषी! मी वहिनीकडे बघितलं, वहिनीने माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघी सुतकातल्या बायका तोंडाला पदर लावून तिथेच उभ्या राहिलो. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, रडतायत बिचाऱ्या. ज्याने कोणी तो मजकूर लिहिला, त्याला तुझ्याशी एकदा वाद घालायला बसवायला हवं होतं. कोणत्याही विषयावर चाललं असतं.

कधी जन्मलास, मागे कोण कोण आहे, ते सगळं त्या फ्लेक्सवर आहे. मी ते पुन्हा लिहीत नाही. मला एकच विचारायचंय. डिझेलच्या टाकीत पाणी कुठून आलं? ते भांडण आपलं मिटलं नव्हतं आणि तू मधूनच उठून गेलास. लहानपणी पत्ते खेळताना हरायला लागलास की असाच उठायचास. म्हणायचास, आई बोलावते. आई तर मार्केटात असायची.

सुरुवातीपासून सांगते, कारण तू ही गोष्ट प्रत्येकाला वेगळी सांगायचास. पावसाळ्याची बंदी उठली, नारळीपौर्णिमा झाली, बोटी समुद्रात गेल्या आणि तुझा ट्रक करंजाच्या बंदरावरून मासळी भरून पुन्हा धावायला लागला. आधी पनवेलला माझ्या दुकानात माझा माल उतरवायचा, मग घाट चढून पुण्याला जायचं. दसऱ्याच्या सुमारास गाडी कुरकुरायला लागली. चढावर ओढ राहायची नाही, मागून पांढरा धूर निघायचा आणि समोर काट्यांच्या शेजारी एक पिवळा दिवा पेटायचा. त्या दिव्याचा अर्थ गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात दिलेला होता. डिझेलच्या फिल्टरमध्ये पाणी साचलंय, ते काढा. मी तुला मोठ्याने वाचून दाखवलं.

"कंपनीवाले उगा घाबरवतात," तू म्हणालास. "सेन्सर खराब हाय."

मग माझ्या पर्समधलं टिकल्यांचं पाकीट काढलंस, त्यातली सगळ्यात मोठी मरून टिकली निवडलीस आणि त्या दिव्यावर चिकटवलीस.

"आता बघ. पेटतोय का दिवा? नाय."

दादा, याच्यावर माणसाने काय बोलावं?

मग व्हायचं ते झालं. भरलेली गाडी बोरघाटात ऐन चढावर बंद पडली. भर दुपारी तुझा फोन आला.

"सुने, गाडी बसली."

"कशाने?"

"मला काय माहीत कशाने! टेम्पो घेऊन ये. बर्फ वितळाय लागला."

मी अर्धं दुकान तसंच टाकलं, कळंबोलीहून टेम्पो केला आणि ड्रायव्हरच्या शेजारी बसून घाटात आले. तू डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून फिल्टरवरचा तो छोटा हातपंप दाबत होतास. दाबायचास, स्टार्टर मारायचास, गाडी दोन आचके देऊन गप्प. पुन्हा दाबायचास. "हवा धरलीय," म्हणत होतास, "हवा काढली की झालं." मी म्हटलं, दादा, पेट्या हलवू या आधी. तू म्हणालास, दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत सुरमईचे डोळे पांढरे झाले. शेवटी मी आणि टेम्पोवाल्याने पेट्या उतरवायला घेतल्या तेव्हा कुठे तू हातपंप सोडलास. शेजारून कंटेनर घासत जात होते, हॉर्न वाजत होते, आणि आपण रस्त्याच्या कडेला वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात उभे राहून भांडत होतो.

निम्मा माल पुण्याला चांगला पोचला. उरलेला फेकावा लागला. ज्या खानावळवाल्या मावशी आईच्या वेळेपासून आपलाच माल घ्यायच्या, त्यांनी त्या दिवसापासून दुसरा माणूस बघितला. तू म्हणालास, "बाई फार नाजूक हाय." नाजूक नव्हत्या, दादा. त्यांची जेवायला आलेली माणसं उपाशी परत गेली होती.

गाडी ओढून कळंबोलीला सलीमभाईंच्या गॅरेजमध्ये आणली. त्यांनी टाकीच्या तळाचा बोल्ट सैल केला, खाली पाण्याची रिकामी बाटली धरली आणि ती आपल्यासमोर टेबलावर ठेवली. हळूहळू वर पिवळसर डिझेल राहिलं, खाली गढूळ पाणी बसलं आणि दोघांच्या मधे स्वच्छ रेघ उमटली.

"देखो जनूभाय," सलीमभाई म्हणाले, "इंजन को ये पिला रहे थे आप. नोझल गेले. टाकी उतरवून धुवायला लागेल."

पाणी आलं कुठून, हा प्रश्न कोणीही शहाण्या माणसाने तिथेच विचारला असता. तू विचारलाच नाहीस. उत्तर तुझ्याकडे तयार होतं. बाटली उचललीस आणि निघालास मोहनच्या पेट्रोलपंपावर. मी मागे धावत आले आणि चालत्या रिक्षात बसले.

मोहन. तुझ्याबरोबर शाळेत होता, तुझ्याबरोबर खाडीत उड्या मारायचा. पळस्प्याच्या बाजूला त्याच्या बापाच्या भातशेतावर पंप झाला तेव्हा पहिलं डिझेल भरायला तू गेला होतास, गाडीला हार घालून. तेव्हापासून दुसरीकडे कधी भरलं नव्हतंस. त्या माणसाच्या अंगावर तू सगळ्या गिऱ्हाइकांसमोर ती बाटली नाचवलीस.

"हे बघा! हे पाणी विकतो हा! शेतात पाणी होतं, तेच नळीतून सोडतो!"

मोहन बिचारा ओरडला नाही. ऑफिसातून लांब काठी मागवली, टोकाला पाणी ओळखायची पेस्ट लावली आणि तुझ्या डोळ्यांसमोर जमिनीखालच्या टाकीत सोडली. पाणी असेल तर पेस्टचा रंग बदलतो. काठी वर आली. रंग होता तसाच होता.

"पेस्ट तुझी, काठी तुझी," तू म्हणालास.

"मग पाणी तुझं असंल, जन्या," मोहन म्हणाला.

आजूबाजूचे हसले. तुला तेच लागलं. बाटली तिथेच त्याच्या पायाशी आपटलीस आणि मैत्री तोडून आलास. रिक्षात बसल्यावर मला म्हणालास, "बघितलंस कसा उलटला?" मी खिडकीतून बाहेर बघत बसले. रिक्षाला खिडकी नसते, तरी बघत बसले.

टाकी धुतली, नोझल बदलले, तू दुसऱ्या पंपावर भरायला लागलास. आणि काही दिवसांत सिग्नलला गाडी पुन्हा आचके द्यायला लागली. आता तरी? नाही. आता तू म्हणालास, सगळे पंपवाले एकमेकांना सामील आहेत. मोहनने फोन करून सांगितलं असणार.

मी एकदा तुझ्याबरोबर करंजाला आले होते, आठवतं? तू लिलावात गुंतला होतास आणि मी गाडीच्या बाजूला सावली बघून बसले होते. बराचसा माल भरून झाला होता. गाडीवरच्या मासळीच्या पेटाऱ्याच्या तळाला बर्फाचं पाणी जायला जो पाइप आहे, तो मधेच तुटलेला होता. तू त्याला काथ्या बांधून ठेवला होतास, आणि तो काथ्या पाइपाचं तोंड बरोबर डिझेलच्या टाकीवर धरून होता. टप, टप, टप. झाकणावर. झाकणाच्या खोबणीत डबकं साचलेलं. मी झाकण फिरवून काढलं. ते मूळचं झाकण नव्हतंच. ते तू कधीच हरवलं होतंस. हे कुठलंतरी दुसऱ्या गाडीचं, आणि नीट बसावं म्हणून आत तू जुन्या चपलेचं रबर कापून घातलं होतंस. चपलेचं, दादा! एका बाजूने फाटलेलं.

मी तुला लिलावातून ओढून आणलं. दाखवलं. तू बघितलंस, मान तिरकी करून.

"या झाकणातून डिझेल कधी बाहेर सांडलंय काय? नाय ना? मग पाणी आत कसं जाईल?"

सलीमभाईंनी नंतर समजावलं, की डिझेल जसजसं खर्च होतं तसतशी टाकी बाहेरून हवा ओढते, आणि हवेबरोबर झाकणावरचं पाणीही आत जातं. "टाकी सांस लेती है, जनूभाय."

"सांस लेती है! मग तिला दमा हाय काय?"

मी हट्टाला पेटले. सलीमभाईंकडून पुन्हा बाटली भरून घेतली, खालचं पाणी वेगळं काढलं आणि वास घेतला. दादा, त्याला मासळीचा वास होता. डिझेलच्या उग्र वासातूनही येत होता. जगातला कुठला पंपवाला डिझेलमध्ये बोंबलाचं पाणी मिसळेल? मी बाटली तुझ्या नाकाखाली धरली.

तू शांतपणे वास घेतलास. आणि म्हणालास, "तुझ्या हाताला वास हाय, सुने."

मासळी विकणाऱ्या बाईला हे म्हणायचं! मी तिथून चालत बस स्टँडपर्यंत गेले, इतका राग आला होता. आज लिहिताना हसू येतंय आणि त्याच जागी रागही येतोय. कारण खोडून काढता येत नाही ना. हाताला वास होताच.

आणि तो वास माझ्या हाताला कोणी लावला? तूच. तळोज्यातली यांची कंपनी बंद पडली, हे घरात गप्प बसून राहायला लागले, सुकापूरच्या त्या दोन खोल्यांत मी भिंतींशी बोलायला लागले, तेव्हा तू आलास. धीराचं वगैरे काही बोलला नाहीस. चहा प्यायलास, पंखा फार आवाज करतो म्हणून तक्रार केलीस आणि जाताना दारात म्हणालास, "माल मी आणतो. तू विक." मी म्हटलं, मला जमणार नाही, मी आईसारखी नाही. "आईला पण पहिल्या दिवशी जमलं नवतं. मी बघितलंय."

पहिल्या आठवड्यात माझ्या तोंडून आवाजच फुटत नव्हता. तर तू पाट्या उतरवून झाल्यावर मार्केटला वळसा घालून समोरून यायचास आणि अनोळखी गिऱ्हाइकासारखा मोठ्याने विचारायचास, "काय ओ ताई, पापलेट ताजी हायत काय?" अख्ख्या मार्केटला माहीत होतं की तू माझा सख्खा भाऊ. शेजारची कोळीण म्हणायची, "तुझं येडं गिऱ्हाईक आलं बघ." तरी तू रोज यायचास. भाव करायचास, फणकारायचास, निघून जायचास आणि परत यायचास. मी ओरडायला तुझ्याशी भांडून शिकले. मग तू मला गप्प बस म्हणायचास, तेव्हा मी कशी बसणार होते?

काथ्याच्या त्या भांडणानंतर तू विषयच काढेनासा झालास. गाडी नीट चालायला लागली. मी एकदा विचारलं तर म्हणालास, "बघ, चांगल्या पंपावर भरलं की पाणी बंद." मी दात-ओठ खाऊन गप्प राहिले. म्हटलं, गाडी चालतेय ना, चालू दे.

आणि मग थंडीतली ती सकाळ. बंदरावरून आलास, माझा माल उतरवलास आणि छाती चोळत म्हणालास, पित्त झालंय. मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. "सोडा पिऊन येतो." मी म्हटलं, दादा, घाम बघ किती आलाय. "पाट्या काय तू उतरवल्यास?" शेवटी मी आणि वहिनीने जबरदस्तीने रिक्षात घातलं, तर रिक्षावाल्याशी वाद, उड्डाणपुलावरून का घेतलीस, खालून लवकर पोचतो. स्ट्रेचरवर तुला झोपवलं तेव्हा तू त्या तरुण डॉक्टरणीला ठणकावून सांगत होतास, "पित्त हाय. लिहून घ्या." तिने लिहून घेतलं नाही. तू रागाने माझ्याकडे बघितलंस, म्हणजे हिला सांग जरा. तेच तुझं शेवटचं बघणं. कोणाला निरोपाचा शब्द मिळतो, कोणाला हातात हात मिळतो. मला मिळालं, हिला सांग जरा.

दहाव्याला खाडीवर सगळे जमले होते. पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर बसलेले, एकही खाली येईना. मला काही नवल वाटलं नाही. तुला कोणी बोलावलं आणि तू लगेच आलास, असं कधी झालं होतं? वहिनी हात जोडून म्हणाली, पोरींची शिक्षणं थांबवणार नाही. कावळे गप्प. काका म्हणाले, गाडी विकणार नाही. एक कावळा उडाला आणि दुसऱ्या फांदीवर जाऊन बसला. ऊन चढलं. भटजी घड्याळ बघायला लागले. दर्भाचा कावळा करू या, असं कोणीतरी म्हणालं.

तेव्हा मागून मोहन पुढे आला. तो आलाय हेच मला माहीत नव्हतं. पांढरा सदरा, चपला हातात. पिंडासमोर उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"बरं बाबा जन्या. पाणी माझ्याच पंपाचं होतं. झालं समाधान?"

आणि कावळा शिवला, दादा! मोहन चिखलात पाय आपटत मागे जातो ना जातो, तोच तीन कावळे एकदम उतरले. बायका रडायला लागल्या. मी रडले नाही, माझं डोकं फिरलं. मेल्यावरसुद्धा तू त्या निर्दोष माणसाकडून खोटं कबूल करून घेतलंस! चारचौघांत त्याची आब्रू काढलीस आणि चारचौघांतच त्याला वाकवलंस. मी मनात ठरवलं, सुतक फिटलं की मोहनकडे जायचं आणि तुझ्या वतीने माफी मागायची. तू मागणार नव्हतास हे तर नक्की होतं.

त्याआधी गाडीचं बघायचं होतं. वहिनीने एक ओळखीचा ड्रायव्हर ठेवायचं ठरवलं. गाडी इतके दिवस उभी होती म्हणून मी ती सलीमभाईंकडे नेली. म्हटलं, आधी ते झाकण आणि तो पाइप नीट करा, आता अडवायला कोणी नाही. सलीमभाई वाकले, आणि तसेच वाकलेले राहिले.

"ताई, ये तो हो गया है."

झाकण नवंकोरं, किल्लीचं. आत चांगलं जाड रबर, कंपनीचं. तो पाइप बदललेला, लांब केलेला, टाकीला पूर्ण वळसा घालून मागच्या चाकाच्या पलीकडे नेलेला, जागोजागी क्लिपा मारून. काथ्या नाही. आत काट्यांच्या शेजारी बघितलं तर टिकली काढलेली, तिच्या गोंदाचा गोल डाग तेवढा राहिलेला. सलीमभाईंनी केलं नव्हतं. तू स्वतः केलं होतंस, कधीतरी, कोणाला न सांगता. म्हणजे तुला कळलं होतं! आणि मला म्हणत होतास, चांगल्या पंपावर भरलं की पाणी बंद!

मी गॅरेजमध्ये त्या टाकीशी उभी राहून तुला अशा शिव्या दिल्या की सलीमभाई आत निघून गेले.

तशीच मोहनच्या पंपावर गेले. त्याने खुर्ची दिली. मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. पाइप, काथ्या, चपलेचं रबर, नवं झाकण. म्हटलं, मोहनदादा, माझ्या भावाची चूक होती, त्याला ती कळली होती आणि तो तुम्हाला न सांगता गेला, त्याच्या वतीने मी...

"तो आला होता," मोहन म्हणाला.

मी म्हटलं, कधी?

"जायच्या आधी काही दिवस. गाडी घेऊन आला, टाकी फुल केली. मग या खुर्चीत येऊन बसला. मी चहा मागवला. दोघं प्यायलो. मी वाट बघतोय, आता बोलंल, मग बोलंल. कप ठेवला, उठला आणि दारात उभा राहून म्हणाला, 'तुझं डिझेल सुधारलं आता.'"

"आणि तुम्ही?"

"मी काय बोलणार? म्हटलं, हो रे, सुधारलं."

मोहन हसायला लागला आणि हसता हसता त्याने चष्मा काढून डोळे पुसले. मी आता खरंच खुर्चीत बसले. बाहेर गाड्या येत होत्या, जात होत्या.

"मग मला तुम्ही सांगितलं का नाही? इतके दिवस?"

"तोच म्हणाला होता." मोहन चष्मा पुसत राहिला. "गाडीत चढला, आणि काच खाली करून म्हणाला, 'सुनी बोलते ते कधी कधी बरोबर असतं. पण तिला सांगू नको. डोक्यावर बसंल.'"

हो, बसले असते. तुझ्या डोक्यावर बसले असते, दादा. वर्षभर बसले असते, भाऊबीजेला तुझ्या ताटापुढे ते चपलेचं रबर ठेवलं असतं, वहिनीच्या माहेरच्यांना बोलावून सांगितलं असतं. तू वैतागून मला खाली उतरवलं असतंस. पण उतरवायला तू असतास.